धातूंच्या आयनांचा शोध घेणारे रसायनशास्त्रज्ञ : डॉ. शांतिस्वरूप भटनागर

चंदीगडच्या सेक्टर १४ मध्ये पंजाब विद्यापीठाच्या आवारात रासायनिक अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञान शिकविणारी संस्था आहे. तिला डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांचे नाव देण्यात आले आहे. भटनागर यांनी या विद्यापीठात सोळा वर्षे अध्यापन आणि संशोधन केले, मात्र ते चंदीगडमध्ये नव्हे. त्या काळी हे विद्यापीठ लाहोर येथे होते. फाळणीनंतर विस्थापित झालेले हे विद्यापीठ १९५६ मध्ये चंदीगडला आले, तेव्हा भटनागर यांच्या निधनाला एक वर्ष उलटून गेले होते.

देशभरातील राष्ट्रीय प्रयोगशाळांचे संस्थापक अशी भटनागर यांची ओळख सर्वपरिचित आहे. लाहोरच्या प्रयोगशाळेत त्यांनी ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला, त्याची माहिती मात्र तुलनेने कमी लोकांना असते. धातूचा अणू आपले इलेक्ट्रॉन गमावून धनभारित आयन बनतो. हे इलेक्ट्रॉन कोणालाही डोळ्यांनी दिसत नाहीत. मग अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले आणि उरलेल्यांची मांडणी कशी आहे, हे ओळखायचे कसे? चुंबकाच्या साहाय्याने या प्रश्नाचे उत्तर शोधणारी रसायनशास्त्राची जी शाखा त्या काळात आकाराला येत होती, तिच्या जगभरातील आरंभीच्या अभ्यासकांमध्ये भटनागर यांची गणना होते.

शांतिस्वरूप यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी तत्कालीन पंजाब प्रांताच्या शाहपूर जिल्ह्यातील भेरा या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. त्यांचे वडील परमेश्वरी सहाय हे शिक्षक होते व त्यांनी ब्राह्मो समाजाचा स्वीकार केला होता. शांतिस्वरूप अवघे आठ महिन्यांचे असताना वडिलांचे निधन झाले. आई पार्वतीदेवी मुलाला घेऊन उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यात सिकंदराबाद येथे माहेरी आल्या. आजोबा मुन्शी प्यारेलाल हे रुडकी येथे शिकलेले अभियंता होते. त्यांच्या घरात यंत्रे आणि उपकरणे मुलांच्या हाताशी असत. विज्ञानाची गोडी तेथेच लागली, असे त्यांचे चरित्रकार मानतात.

वडिलांचे स्नेही रघुनाथ सहाय यांच्या पुढाकाराने १९०८ मध्ये शांतिस्वरूप लाहोरच्या दयालसिंग हायस्कूलमध्ये दाखल झाले. रघुनाथ सहाय तेथे मुख्याध्यापक होते. पुढे १९१५ मध्ये त्यांची कन्या लाजवंती हिच्याशी शांतिस्वरूप यांचा विवाह झाला.

१९११ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी अलाहाबादहून निघणाऱ्या लीडर या वृत्तपत्राला एक पत्र पाठविले. त्या काळी वापरात असलेल्या लेक्लांशे विद्युतघटासाठी कार्बनची कांडी लागत असे. साखर कारखान्यातील मळी आणि कार्बनयुक्त पदार्थ उष्णता व दाबाखाली एकत्र करून या कांडीला पर्याय तयार करता येतो, असे या विद्यार्थ्याने त्यात सुचविले होते. या घटात जस्ताचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून देतो आणि स्वतः धनभारित आयन होऊन द्रावणात उतरतो. सुटलेले इलेक्ट्रॉन तारेतून वाहत कार्बनच्या कांडीपर्यंत पोहोचतात. तारेतील या प्रवाहालाच आपण वीज म्हणतो. जस्त झिजते, म्हणून घट चालतो. पत्र लिहिताना या विद्यार्थ्याला त्यामागील अणुरचना ठाऊक असणे शक्य नव्हते, कारण अणूला केंद्र असते हे अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी त्याच वर्षी मांडले होते.

महाविद्यालयीन काळात त्यांचे लक्ष केवळ विज्ञानावर नव्हते. ते नाटकांत काम करीत. करामाती नावाचे एकांकी नाटक त्यांनी उर्दूत लिहिले व त्याच्या इंग्रजी रूपांतराला १९१२ चे पारितोषिक मिळाले. उर्दू कवितेची आवड तर त्यांना अखेरपर्यंत राहिली. फोरमन ख्रिश्चन कॉलेजमधून १९१६ मध्ये बी. एस्‌सी. आणि १९१९ मध्ये रसायनशास्त्रात एम. एस्‌सी. झाल्यावर दयालसिंग न्यासाने त्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. त्यांना अमेरिकेला जायचे होते. परंतु पहिल्या महायुद्धातून मायदेशी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी सर्व जहाजे भरलेली होती आणि लंडनमध्ये त्यांना पुढील प्रवासासाठी जागाच मिळेना. न्यासाच्या अनुमतीने ते लंडनलाच थांबले. युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्रा. फ्रेडरिक डॉनन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले व १९२१ मध्ये लंडन विद्यापीठाची डी. एस्‌सी. पदवी मिळविली.

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता मेदाम्लांचे क्षार. हे क्षार दोन किंवा तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या धातूंचे होते. ते तेलात किती विरघळतात आणि त्यामुळे तेलाच्या पृष्ठताणात काय बदल होतो, याचा अभ्यास त्यांनी केला. साबण हा सोडियमचा असाच एक क्षार आहे आणि तो पाण्यात विरघळतो. सोडियमच्या जागी कॅल्शियम आले की तोच साबण फेस न करता साका होऊन बसतो. कठीण पाण्यात कपडे धुणाऱ्या प्रत्येक घराला याचा अनुभव असतो. धातूने एक इलेक्ट्रॉन गमावला आहे की दोन, एवढ्या फरकाने पदार्थाचे गुण बदलतात.

धातूचे अणू इलेक्ट्रॉन का गमावतात, हे येथे थोडक्यात पाहणे उचित ठरेल. सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकी दोन आतल्या कवचात, आठ त्याबाहेरच्या कवचात आणि एक सर्वांत बाहेर असतो. हा एकटा इलेक्ट्रॉन अणुकेंद्रापासून दूर असतो. आतील दहा इलेक्ट्रॉनांमुळे केंद्राचे आकर्षण त्याच्यापर्यंत क्षीण होऊन पोहोचते. तो निघून गेला, की अणुकेंद्रात ११ धनभार आणि बाहेर १० ऋणभार उरतात आणि अणूवर एक धनभार शिल्लक राहतो. हाच सोडियमचा आयन होय. मॅग्नेशियम अशाच रीतीने दोन इलेक्ट्रॉन गमावते, तर ॲल्युमिनियम तीन.

शालेय पुस्तकांत धातूंना इलेक्ट्रॉन देण्याची हौस असते, अशा थाटाचे वर्णन आढळते. ते दिशाभूल करणारे आहे. कोणताही अणू आपला इलेक्ट्रॉन फुकट देत नाही. वायुरूपातील २३ ग्रॅम सोडियमच्या अणूंमधून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन काढण्यासाठी सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च करावी लागते. दुसरा इलेक्ट्रॉन काढायचा असेल तर तो आतल्या भरलेल्या कवचातून ओढावा लागतो आणि त्यासाठी सुमारे ४,५६२ किलोज्यूल, म्हणजे नऊपटींहून अधिक ऊर्जा लागते. पहिला खर्च भरून निघतो तो आयन तयार झाल्यावर. धन आणि ऋण आयन स्फटिकात एकमेकांशेजारी बसतात, अथवा पाण्याचे रेणू आयनाभोवती गोळा होतात, तेव्हा ऊर्जा बाहेर पडते. ही मिळकत खर्चापेक्षा जास्त असेल तरच व्यवहार घडतो. दुसऱ्या इलेक्ट्रॉनाचा खर्च कोणत्याही स्फटिकातून वसूल होत नाही, म्हणून मिठातील सोडियम एकच इलेक्ट्रॉन गमावून थांबते.

लोखंडाचे मात्र असे नाही. ते कधी दोन इलेक्ट्रॉन गमावते, तर कधी तीन. हिराकशीत दोन गमावलेले लोह असते. तांबड्या गंजात तीन गमावलेले. अशा धातूंच्या बाबतीत चुंबकाची पद्धत विशेष उपयोगी पडते.

इंग्लंडहून परतल्यावर भटनागर ऑगस्ट १९२१ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. तेथील तीन वर्षांत त्यांनी विद्यापीठाचे हिंदी कुलगीतही रचले व ते आजतागायत गायिले जाते. १९२४ मध्ये ते लाहोरला पंजाब विद्यापीठात भौतिक रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि विद्यापीठाच्या रासायनिक प्रयोगशाळांचे संचालक झाले. संशोधक म्हणून त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी काळ हाच.

प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक सूक्ष्म चुंबकच असतो. दोन इलेक्ट्रॉनांची जोडी जमली की त्यांचे चुंबकत्व परस्परांना रद्द करते. ज्या आयनातील सर्व इलेक्ट्रॉन जोडीने असतात, त्याला प्रबळ चुंबक किंचित दूर ढकलतो. ज्यात एकटे इलेक्ट्रॉन उरलेले असतात, तो चुंबकाकडे ओढला जातो. लोहाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. दोन गेले की उरलेल्या २४ मध्ये चार एकटे राहतात. तिसरा गेला की उरलेल्या २३ मध्ये पाच एकटे राहतात. म्हणजे इलेक्ट्रॉन कमी झाल्यावर लोह-आयनाचे चुंबकत्व वाढते. ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते, परंतु जोडीतलाच एक जोडीदार निघून गेल्याचा तो परिणाम आहे. मोरचुदातील तांब्याच्या आयनात एक एकटा इलेक्ट्रॉन असतो, तर जस्ताच्या आयनात एकही नसतो. पदार्थाचे एकदा चुंबकाविना आणि एकदा चुंबकीय क्षेत्रात वजन केले, तर त्या फरकावरून एकट्या इलेक्ट्रॉनांची संख्या काढता येते.

यात एक गुंतागुंतही आहे. पोटॅशियम फेरोसायनाइड या पिवळ्या क्षारातील लोहानेही दोनच इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, तरी चुंबक त्याला ओढत नाही. सभोवतालच्या सायनाइड गटांच्या प्रभावामुळे त्याच्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमलेल्या असतात. अर्थात, या वजनातून इलेक्ट्रॉनांचा हिशेब मिळतोच, शिवाय आयन आपल्या शेजाऱ्यांशी कशा बंधाने जोडलेला आहे, याचीही कल्पना येते. अमेरिकेत लायनस पॉलिंग यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी रासायनिक बंधांचा विचार करताना याच मापनांचा आधार घेतला.

अडचण मापनाची होती. बहुतेक क्षारांवर चुंबकाचा परिणाम इतका अल्प असतो की साध्या तराजूने तो नीट टिपता येत नाही. भटनागर आणि त्यांचे सहकारी के. एन. माथूर यांनी १९२८ मध्ये यासाठी एक नवे उपकरण तयार केले. चुंबकीय क्षेत्रात पदार्थाची नळी जी किंचित हालचाल करते, ती त्यांनी प्रकाशाच्या व्यतिकरणाने मोजली. दोन प्रकाशकिरण एकत्र आले की उजळ आणि काळे पट्टे उमटतात. एका किरणाच्या मार्गात अतिसूक्ष्म फरक पडला तरी हे पट्टे सरकतात. भटनागर-माथूर चुंबकीय व्यतिकरण तुला या नावाने हे उपकरण ओळखले जाते. लंडनच्या रॉयल सोसायटीत १९३१ मध्ये ते प्रदर्शित करण्यात आले आणि ॲडम हिल्गर या ब्रिटिश कंपनीने ते बाजारात आणले. भारतीय विद्यापीठात घडलेले संशोधन-उपकरण इंग्रज कारखानदाराने बनवून विकावे, ही त्या काळी दुर्मीळ घटना होती. या विषयावर भटनागर आणि माथूर यांनी लिहिलेला ग्रंथ १९३५ मध्ये लंडनच्या मॅकमिलन कंपनीने प्रसिद्ध केला.

त्याच सुमारास रावळपिंडी येथील अटक ऑइल कंपनीपुढे एक निकडीचा प्रश्न उभा राहिला. तेलविहीर खोदताना यंत्र थंड ठेवण्यासाठी आणि दगडाचा चुरा वर आणण्यासाठी पातळ चिखल सोडला जातो. जमिनीतील खाऱ्या पाण्याशी गाठ पडली की हा चिखल घट्ट होऊन बसे आणि खोदकाम ठप्प होई. अभियंत्यांनी हा यंत्राचा प्रश्न मानला होता; भटनागर यांनी तो आयनांचा प्रश्न म्हणून ओळखला. चिखलातील मातीचे सूक्ष्म कण ऋणभारित असतात व त्यामुळे एकमेकांना दूर लोटतात. खाऱ्या पाण्यातील धातूंचे धनभारित आयन हा भार निष्प्रभ करतात. कण मग एकत्र येऊन गोळा होतात. आयनाने जितके अधिक इलेक्ट्रॉन गमावलेले, तितका हा परिणाम तीव्र होतो. भटनागर यांनी चिखलात भारतीय झाडाचा डिंक मिसळण्याचा उपाय सुचविला. डिंकामुळे चिखल पातळ राहिला आणि क्षारांनी तो गोठण्याचे थांबले.

या यशाने प्रभावित होऊन कंपनीशी संबंधित लंडनच्या स्टील ब्रदर्स या पेढीने भटनागर यांना संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. ही रक्कम त्यांना व्यक्तिशः देण्यात येत होती. त्यांनी ती विद्यापीठामार्फत घेण्याचा आग्रह धरला आणि तीतून लाहोरला पेट्रोलियम संशोधनाचा विभाग सुरू झाला. वडिलांविना, शिष्यवृत्त्यांवर वाढलेल्या माणसाचा हा निर्णय होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

दुसऱ्या महायुद्धाने त्यांना लाहोरहून हलविले. युद्धामुळे आयात थांबली होती. १ एप्रिल १९४० रोजी केंद्र सरकारने वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन मंडळ स्थापन केले आणि त्याची धुरा भटनागर यांच्याकडे सोपविली. काम कलकत्त्याच्या अलीपूर येथील शासकीय चाचणी केंद्रात सुरू झाले. संशोधनासाठी पाच वर्षे दरवर्षी दहा लाख रुपयांची तरतूद मंजूर झाली. २६ सप्टेंबर १९४२ रोजी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजेच सीएसआयआर, अस्तित्वात आली. त्याआधी १९४१ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला होता. १९४३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. १९४६ मध्ये लाजवंती यांचे निधन झाले. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या आपल्या उर्दू कवितासंग्रहाला त्यांनी पत्नीचेच नाव दिले.

वर्षभरात फाळणी झाली. लाहोरची प्रयोगशाळा सीमेपलीकडे गेली. भारताच्या वाट्याला आलेल्या पंजाब विद्यापीठाला स्वतःची इमारतही नव्हती. त्याचे कार्यालय सोलनला होते व विभाग होशियारपूर, जालंधर, अमृतसर अशा ठिकाणी विखुरलेले होते. भटनागर तोपर्यंत दिल्लीत स्थिरावले होते. त्यांची अध्यापनाची कारकीर्द संपली होती.

स्वातंत्र्यानंतर पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या पाठबळाने त्यांनी ज्या वेगाने प्रयोगशाळा उभारल्या, त्याला देशात तोड नाही. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यांतील महत्त्वाची म्हणजे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. तिची कोनशिला एप्रिल १९४७ मध्ये मुंबई प्रांताचे तत्कालीन मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर यांनी बसविली आणि ३ जानेवारी १९५० रोजी नेहरूंनी तिचे उद्‌घाटन केले. भटनागर यांच्या मूळ विषयाच्या सर्वांत जवळची प्रयोगशाळा मात्र तमिळनाडूतील कराईकुडी येथे उभी राहिली. अळगप्पा चेट्टियार यांनी तिच्यासाठी १५ लाख रुपये आणि ३०० एकर जमीन दिली. केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्था या नावाने १४ जानेवारी १९५३ रोजी तिचे उद्‌घाटन झाले. घट, मुलामा आणि गंज हे तिचे अभ्यासविषय. पूल, जहाजे वा पाण्याच्या नळांचे लोखंड गंजते, तेव्हा लोहाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून आयन होत असतात. विद्युतघटात हीच क्रिया वीज देते. पुलाच्या तुळईत ती पूल खाते.

भटनागर यांच्या धोरणावर टीकाही झाली आणि ती सामान्य व्यक्तींकडून झाली नाही. मेघनाद साहा आणि सी. व्ही. रामन या दोघांनीही या प्रयोगशाळा-उभारणीबद्दल नापसंती व्यक्त केली. पैसा आणि माणसे स्वतंत्र संस्थांकडे वळल्याने विद्यापीठांतील संशोधन सुकेल, हा साहा यांचा आक्षेप होता. तो निराधार म्हणता येणार नाही. चुंबकीय तुला विद्यापीठातच, माथूर यांच्यासारख्या सहकाऱ्याच्या संगतीत घडली होती, हे भटनागर यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? दुसरीकडे, १९४७ च्या विस्कटलेल्या परिस्थितीत विद्यापीठांना हे ओझे पेलले असते, असेही खात्रीने सांगता येत नाही. भटनागर यांनी वाट पाहण्याऐवजी बांधकाम निवडले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पहिले अध्यक्षपदही अखेरच्या काळात त्यांच्याकडेच आले. परंतु विद्यापीठांसाठी काही करण्यास त्यांना फारसा अवधी मिळाला नाही.

१९४८ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा आयोगावर होमी भाभा आणि के. एस. कृष्णन यांच्याबरोबर ते होते. मुंबईतील ट्रॉम्बे येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांबाबत परदेशी कंपन्यांशी झालेल्या वाटाघाटींतही त्यांचा मोठा सहभाग होता. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब प्रदान करण्यात आला. १ जानेवारी १९५५ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने दिल्लीत त्यांचे निधन झाले. ते साठ वर्षांचे होते.

चंदीगडला रासायनिक अभियांत्रिकीचे शिक्षण १९५८ मध्ये सुरू झाले. सीएसआयआरची वैज्ञानिक उपकरणे बनविणारी संस्थाही १९६२ मध्ये दिल्लीहून याच शहरात हलविण्यात आली. भटनागर यांच्या नावाने दिले जाणारे विज्ञान पारितोषिक २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांमध्ये तरुण वैज्ञानिकांच्या पुरस्काराच्या रूपाने समाविष्ट झाले. १९५८ मध्ये हे पारितोषिक सर्वप्रथम के. एस. कृष्णन यांना देण्यात आले होते. स्फटिकांच्या चुंबकीय गुणधर्मांचे मापन हा कृष्णन यांच्याही संशोधनाचा विषय होता.